मोजपट्टीचा न्याय

सन २०२४ च्या जुलै महिन्याच्या २८ तारखेस बेल्जियममधील स्पा येथे झालेल्या मोटारींच्या ग्रां प्री शर्यतीत जॉर्ज रसेल हा इंग्रज चालक पहिला आला. चषक त्याच्या हाती पडला, राष्ट्रगीत वाजले, छायाचित्रे निघाली. आणि मग त्याची गाडी रीतीप्रमाणे काट्यावर चढविण्यात आली. टाकीत उरलेले इंधन काढून घेतल्यावर तिचे वजन ७९६.५ किलो भरले. त्या वर्षीच्या नियमाप्रमाणे ते ७९८ किलोंहून कमी असावयास नको होते. दीड किलोची तूट निघाली आणि पहिला आलेला मनुष्य निकालाच्या यादीतून अजिबात नाहीसा झाला. यानंतर बरोबर दहा दिवसांनी, पॅरिसच्या ऑलिंपिक सामन्यांत, ५० किलोंच्या गटातील अंतिम कुस्तीच्या दिवशी सकाळी विनेश फोगट हिचे वजन १०० ग्रॅम अधिक भरले, आणि आदल्या दिवशी तीन कुस्त्या जिंकलेल्या त्या मल्ल स्त्रीचे नाव गटात सर्वांच्या शेवटी लिहिले गेले.

पहिल्या बातमीने आपल्या इकडे फारसे कोणी हळहळले नाही. दुसरीने मात्र घरोघरी जेवणाच्या पानावर वाद माजविला. एक पक्ष म्हणे, नियम तो नियम. दुसरा म्हणे, एवढ्याशा वजनाने असे काय आकाश कोसळणार होते? आम्हांस ही दोन्ही वाक्ये सारखीच अपुरी वाटतात. दोहोंनीही विचार जेथे सुरू व्हावयाचा तेथेच तो संपतो. मापाचा नियम न्याय्य केव्हा होतो आणि अन्याय्य केव्हा, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर शोधावयास मोटारींच्या शर्यतींच्या इतिहासासारखे दुसरे क्षेत्र नाही. सव्वाशे वर्षे तेथे किलो, लिटर आणि मिलिमीटर यांवर माणसांची भाग्ये ठरत आली आहेत, आणि प्रत्येक तंट्याचे दप्तर उघडे आहे.

शर्यतीचे नियम दोन जातींचे असतात. दुसऱ्याच्या गाडीस धक्का देऊ नये, धोक्याचे निशाण असता पुढे जाऊ नये, हे आचरणाचे नियम होत. तेथे पंच हेतू पाहतो, परिस्थिती पाहतो आणि दंड कमीअधिक करतो. मापाचे नियम निराळे. गाडी अमुक किलोंहून हलकी नसावी, तमुक सेंटिमीटरहून रुंद नसावी, एवढेच ते सांगतात. चूक मुद्दाम केली की अनवधानाने झाली, हे ते विचारीत नाहीत; तिच्यापासून लाभ झाला की नाही, हेही विचारीत नाहीत. हा कठोरपणा प्रथमदर्शनी रानटी वाटतो. परंतु त्यात एक दयाळू हिशेब आहे. दीड किलोने किती क्षण वाचले हे सिद्ध करू म्हटले तर प्रत्येक शर्यतीनंतर पदार्थविज्ञानाची परिषद भरवावी लागेल, आणि त्या परिषदेत ज्याच्या पदरी तज्ज्ञ अधिक तो जिंकेल. काट्यापुढे श्रीमंत संघाचा आणि गरीब संघाचा किलो सारखाच असतो. तीसएक वर्षे उत्तरपत्रिका तपासण्यात घालविलेल्या आमच्यासारख्या माणसास हे वेगळे सांगावयास नको. ३५ गुणांस उत्तीर्ण आणि ३४ गुणांस अनुत्तीर्ण ही रेषा निर्दय खरी. पण विद्यार्थ्याने रात्री किती वाजेपर्यंत अभ्यास केला हे विचारून गुण द्यावयाचे ठरविले, तर सर्वांत अधिक गुण उत्तम रडणारास मिळतील.

मात्र काटा स्वतःहून कोणास न्याय देत नाही. काय तोलावयाचे, केव्हा तोलावयाचे आणि कोणाचे तोलावयाचे, हे माणसेच ठरवितात.

प्रारंभी तर काय तोलावयाचे येथेच घोळ होता. विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारींची इंजिने भयंकर मोठी होऊ लागली, तेव्हा त्यांस आळा घालावा म्हणून १९०२ पासून गाडीचे वजन १००० किलोंहून अधिक नसावे असा निर्बंध आला. कल्पना अशी की, गाडी हलकी ठेवावयाची म्हटल्यावर इंजिनही लहानच बसवावे लागेल. कारखानदारांनी इंजिन होते तेवढेच ठेवले आणि सांगाडा तासून, त्यास भोके पाडून वजन उतरविले. १९०३ च्या मे महिन्यात पॅरिसहून माद्रिदला निघालेल्या शर्यतीत अशा अशक्त सांगाड्यांवरील बलाढ्य गाड्या धुळीच्या लोटांतून धावल्या. मार्सेल रेनो हा नामांकित चालक व इतर अनेक जण मृत्युमुखी पडले, आणि फ्रेंच सरकारने ती शर्यत बोर्दो येथेच थांबविली. या अनर्थास बघ्यांची गर्दी, धूळ, उघडा रस्ता अशी इतरही कारणे होतीच. तथापि नियमाचे माप एकीकडे आणि उद्देश दुसरीकडे, असे झाले म्हणजे चतुर मनुष्य मापाची आज्ञा पाळून उद्देशाचा कसा गळा घोटतो, याचा हा पहिला धडा होय.

त्याच काळातील गॉर्डन बेनेट चषकाची गोष्ट वेगळ्या तऱ्हेने बोधप्रद आहे. या चषकाकरिता प्रत्येक राष्ट्रास तीनच गाड्या पाठविता येत. वरवर पाहता याहून समान वागणूक कोणती? परंतु मोटारींचे कारखाने त्या वेळी फ्रान्समध्ये सर्वांत अधिक होते, आणि त्या सर्वांस मिळूनही तीनच जागा. ‘समानते’ने आपल्यावर अन्याय होतो असे फ्रेंचांनी म्हटले आणि १९०६ साली ल मां येथे आपली निराळी शर्यत उभारली. तिचेच नाव ग्रां प्री. म्हणजे आजच्या या जगद्विख्यात शर्यतींचा जन्मच मुळी एका नियमाच्या न्याय्यतेविषयीच्या भांडणातून झालेला आहे.

वजनाच्या कमाल मर्यादेने १९३४ मध्ये पुनश्च अवतार घेतला. या खेपेस ती ७५० किलोंची होती. या मर्यादेसंबंधी एक आख्यायिका सर्वत्र सांगितली जाते. मर्सिडीस कंपनीची पांढऱ्या रंगाची गाडी शर्यतीच्या आदल्या दिवशी एक किलोने जड भरली, तेव्हा रातोरात तिचा रंग खरवडून काढला, खालचे ॲल्युमिनियम चमकू लागले, आणि तेव्हापासून जर्मन गाड्यांस ‘रुपेरी बाण’ म्हणू लागले! गोष्ट मोठी गोड आहे. परंतु ज्या आयफेलच्या शर्यतीची म्हणून ती सांगतात त्या शर्यतीस ही मर्यादा मुळी लागूच नव्हती, असे संशोधकांनी दाखविले आहे. तरीही ती मरत नाही, यात नवल नाही. नियमास बुद्धीने आणि रात्रभराच्या श्रमाने शरण जाणारा मनुष्य लोकांस आवडतो. या मर्यादेनेही वेग कमी झाला नाहीच. हलके धातू वापरून जर्मनांनी चार वर्षांत इंजिनांची शक्ती दुपटीच्या घरात नेली. पुढे कारभाऱ्यांनी नियमाचे तोंडच फिरविले. १९६१ पासून गाडी ४५० किलोंहून हलकी नसावी असा दंडक आला. जडपणास बंदी होती तेथे हलकेपणास बंदी झाली. रसेल ज्यात सापडला तो याच दंडकाचा वंशज.

येथवर नियम चुकीचे असतील, पण ते लावण्यात पक्षपात दिसत नाही. खरा पेच १९७६ साली पडला.

त्या वर्षी मे महिन्यात स्पेनमधील हारामा येथे मॅक्लॅरन संघाचा जेम्स हंट पहिला आला. फेरारीचा निकी लाउडा दुसरा. तपासणीत हंटची गाडी मागच्या चाकांपाशी १.८ सेंटिमीटर अधिक रुंद भरली आणि तो बाद झाला. गंमत अशी की, रुंदीची नवी मर्यादा ठरविताना जी सर्वांत रुंद गाडी प्रमाण म्हणून धरली होती ती मॅक्लॅरनचीच. आपल्याच गाडीवरून केलेले माप आपल्यालाच पुरले नाही, कारण मध्यंतरी टायर अधिक फुगीर आले होते! संघाने अपील केले. जुलैमध्ये अपिलाच्या पंचांनी निर्णय दिला की चूक क्षुल्लक आहे, तिच्यापासून लाभ नाही, सबब शिक्षा अवाजवी आहे; हंटचा विजय त्यास परत द्यावा आणि संघास ३००० डॉलर दंड करावा.

निर्णय सहृदय होता, यात शंका नाही. आमचेही मन प्रथम त्याच बाजूस जाते. परंतु त्याने केले काय ते पाहा. इतर सर्वांस जो नियम मापाचा होता, तो एका गाडीपुरता आचरणाचा होऊन बसला. ‘लाभ झाला काय’ हा जो प्रश्न मापाच्या नियमाने कटाक्षाने टाळावयाचा, तोच येथे विचारला गेला आणि त्याचे उत्तर नऊ गुणांचे निघाले. पुढे त्याच उन्हाळ्यात इंग्लंडमधील ब्रँड्स हॅच येथे हंट पुन्हा जिंकला आणि सप्टेंबरात फेरारीच्या अपिलावरून तो विजय गमावून बसला. तेथे प्रश्न पहिल्या वळणावरील अपघातानंतर त्याने पूर्ण फेरी न करता गाडी आत आणल्याचा, म्हणजे आचरणाचा होता. दरम्यान १ ऑगस्टला न्युर्बुर्गरिंग येथे लाउडाची गाडी पेटली. मरणाच्या दारातून परत येऊन तो सहा आठवड्यांत पुन्हा शर्यतीस उभा राहिला. शेवटची शर्यत ऑक्टोबरात जपानमध्ये फुजी येथे मुसळधार पावसात झाली. लाउडाने आरंभीच गाडी सोडून दिली, हंट तिसरा आला, आणि वर्षाचे अजिंक्यपद ६९ विरुद्ध ६८ अशा एका गुणाने हंटकडे गेले. हारामाचा पहिला निर्णय कायम राहता तर हंटचे नऊ गुण गेले असते आणि लाउडाचे तीन वाढले असते. हंट शूर होता, लोकप्रिय होता, आणि रस्त्यावर तो त्या दिवशी खरोखरच पुढे होता. तरीही त्या जगज्जेतेपदाखाली १.८ सेंटिमीटरची एक फट राहून गेली, हे त्याच्या चाहत्यांसही नाकारता येणार नाही.

मॅक्लॅरन संघास अपिलात जी सहृदयता भेटली ती सर्वांस भेटती तर आमची तक्रार उरली नसती. आठ वर्षांनी केन टिरेलच्या संघास काय भेटले ते पाहावे. टिरेल हा मूळचा लाकडाचा व्यापारी. त्याच्या संघाने जॅकी स्टुअर्टला जगज्जेता केले होते. परंतु १९८४ पर्यंत दिवस फिरले होते. इतर सर्व संघ टर्बो इंजिनांकडे वळले असता हा एकटाच जुन्या साध्या इंजिनावर चालत होता. त्याच सुमारास पाण्याच्या टाक्यांची एक युक्ती प्रसिद्ध झाली होती. इंजिनास वा ब्रेकला थंडावा देण्याच्या नावाखाली टाकीत पाणी भरावयाचे, ते वाटेत सांडून गाडी हलकी करावयाची, आणि शर्यत संपण्यापूर्वी वा काट्यावर चढण्यापूर्वी टाकी पुन्हा भरून वजन पुरे करावयाचे. १९८२ साली ब्राझीलमध्ये याच प्रकारावरून पहिला व दुसरा असे दोघेही, नेल्सन पिके आणि केके रोझबर्ग, बाद झाले होते आणि त्याच्या निषेधार्थ अनेक संघांनी पुढच्या सान मारिनोच्या शर्यतीवर बहिष्कार घातला होता. अवघ्या १४ गाड्या तेथे धावल्या. म्हणजे युक्ती टिरेलची स्वतःची नव्हे. १९८४ च्या जूनमध्ये डेट्रॉइट येथे त्याचा तरुण चालक मार्टिन ब्रंडल दुसरा आला. तपासणीत गाडीच्या पाण्यात शिशाच्या गोळ्या आढळल्या, आणि पाण्यात इंधनाचा अंशही आहे असा आरोप आला.

शिशाच्या गोळ्या घालणे ही साधुवृत्ती खचित नव्हे. टिरेलची बाजू घेणारासही तेवढे मान्य केले पाहिजे. परंतु शिक्षा कोणती झाली? एका शर्यतीतून बाद नव्हे. सबंध वर्षाच्या निकालांतून त्या संघाचे नाव पुसण्यात आले, आणि मिळालेले सर्व गुण गेले. इंधनाचा आरोप अपिलात दुबळा पडला, तेव्हा गोळ्या घट्ट बसविलेल्या नव्हत्या व गाडीच्या तळास भोके होती हे मुद्दे पुढे आले. आणि योगायोग असा की, पुढच्या वर्षी इंधनाची मर्यादा २२० लिटरवरून खाली आणावयाची ठरली होती. टर्बोवाल्या संघांस ती नको होती. ती बदलण्यास सर्व संघांचे एकमत लागत होते. आणि विरोध करणारा संघ एकच, टिरेलचा. तो बाहेर पडताच एकमत झाले. कारस्थान होतेच असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. इतकेच म्हणतो की, ज्याच्या शिक्षेने न्यायाधीशाच्या सोबत्यांची अडचण दूर होते, त्याचा निकाल दुप्पट काळजीने द्यावयास हवा होता. तो दिला गेला तिप्पट घाईने.

या दोन प्रकरणांशेजारी १९९९ चे मलेशियातील प्रकरण ठेवून पाहावे. सेपांग येथे फेरारीचे एडी अर्व्हाइन व मिखाएल शूमाकर पहिले आणि दुसरे आले. गाडीच्या बाजूस हवेचा प्रवाह वळविणारी पत्र्यासारखी पाती असतात. ती एका ठिकाणी १० मिलिमीटर बाहेर असल्याचे दिसले. दोघेही बाद ठरले. मॅक्लॅरनचा मिका हॅकिनेन काही दिवसांपुरता जगज्जेता झाला. फेरारीने प्रथम ते पाते पत्रकारांपुढे धरून चूक आहे असेच मान्य केले होते. पॅरिसच्या अपिलात मात्र निघाले असे की, मोजण्याचे साधनच पुरेसे बिनचूक नव्हते, नीट धरून मोजल्यास फरक ५ मिलिमीटरच्या आत येतो, आणि तेवढी सूट नियमातच आहे. निकाल फिरला. शेवटी जपानमध्ये हॅकिनेनच जिंकला आणि तंटा आपोआप मिटला, हे कारभाऱ्यांचे नशीब.

पाच मिलिमीटरची सूट असण्यास आमचा आक्षेप नाही. विद्यापीठाच्या परीक्षांतही कृपागुणांची सोय असते. पण ती आधी छापलेली असते, सर्वांस ठाऊक असते, आणि ज्यास वकील नाही त्याच्याही पदरात आपोआप पडते. जी सूट मोठ्या संघाच्या वकिलाने शोधून काढीपर्यंत तपासनिसांसच आठवली नाही, ती कृपागुणांच्या जातीची नव्हे. टिरेलच्या वकिलास अशी एखादी रेघ सापडली असती काय, या प्रश्नाचे उत्तर वाचकांनीच द्यावे.

माप केव्हा घ्यावयाचे या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी टायरासंबंधी दोन शब्द सांगणे अवश्य आहे, आणि येथे आमच्या वस्तीचा उपयोग होतो. आम्ही राहतो त्या नाहूरास लागूनच भांडुप आहे, आणि भांडुप म्हटले की या बाजूच्या जुन्या रहिवाशांस सीएटचा टायरचा कारखाना आठवतो. तुरिन येथील इटालियन कंपनी आणि टाटा समूह यांच्या सहकार्याने १९५८ साली ही कंपनी मुंबईत स्थापन झाली. टायर तयार होताना पाहिलेल्या कोणाही कामगारास विचारा. रबर हा पदार्थ लोखंडासारखा एका मापाचा राहत नाही, हे तो सांगेल. हवा भरली की तो फुगतो, भार आला की पसरतो, तापला की नरम होतो, झिजला की हलका होतो. १९७६ मध्ये हंटला जे बाधले ते टायरचे फुगणे; आणि २०२४ मध्ये रसेलच्या तुटीचे एक कारण त्याचे झिजलेले टायर, असे पुष्कळांनी म्हटले, कारण इतरांनी दोनदा टायर बदलले असता त्याने एकदाच बदलले होते.

२००३ साली याच रबराने मोठे वादळ उठविले. पुढच्या टायरचा जमिनीस टेकणारा भाग २७० मिलिमीटरहून रुंद असू नये असा नियम होता, आणि तो माप नव्या, न वापरलेल्या टायरचे घेऊन पाळला जात असे. मिशलँ या फ्रेंच कंपनीचे टायर नवे असता मापात बसत. धावू लागले म्हणजे त्यांच्या कडा जमिनीस टेकून पट्टा रुंद होई, अशी तक्रार फेरारी व तिला टायर पुरविणारी जपानी ब्रिजस्टोन कंपनी यांनी केली. ऑगस्टमध्ये हंगेरीची शर्यत झाली तेव्हा तीन संघांचे चालक अजिंक्यपदासाठी अगदी जवळजवळ होते, आणि वर्षातील तीनच शर्यती उरल्या होत्या. त्या क्षणी कारभाऱ्यांनी जाहीर केले की यापुढे वापरलेल्या टायरचेही माप घेतले जाईल. नियमाचे शब्द तेच राहिले. माप घेण्याची वेळ बदलली. मिशलँने घाईघाईने नवे टायर घडविले. उरलेल्या तिन्ही शर्यती फेरारीने जिंकल्या, आणि शूमाकरने किमी रायकोनेनला दोन गुणांनी मागे टाकून अजिंक्यपद मिळविले.

नव्या टायरांनी आपली गती कमी झाली नाही असे मिशलँचे म्हणणे होते, म्हणून कार्यकारणाचा दावा आम्ही करीत नाही. फेरारीची तक्रार तत्त्वतः चुकीची होती असेही आम्हांस वाटत नाही; टायर धावण्याकरिताच असतो, तेव्हा धावल्यानंतरचे मापच खरे, हे म्हणणे तर्काला धरून आहे. पण मग ते मार्चमध्ये सांगावयाचे. वर्षभर ज्या रीतीने मोजले ती रीत ऑगस्टअखेर बदलणे म्हणजे शेवटच्या पेपराच्या आदल्या रात्री अभ्यासक्रम बदलण्यासारखे आहे. मग बदललेला अभ्यासक्रम कितीही सुधारलेला असो.

आणि नियम छापलेला आहे, वेळही ठरलेली आहे, परंतु तो बोलून दाखविणारा कोणी नाही, असे झाले तर? याचे उदाहरण मोटारींत शोधावयास नको. ते आपल्या सातारा जिल्ह्यात आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला गेले ते लोकवर्गणीच्या बळावर. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले घर गहाण ठेवून त्यांस ७००० रुपये दिले. (आमच्या पेशात अशी माणसे होऊन गेली, हे सांगावयास मिळते तेव्हा आम्ही ती संधी सोडीत नाही.) तेथे जपानच्या इशीशी दीर्घ कुस्ती झाल्यावर खाशाबांस लगेच रशियाच्या मल्लाशी लढण्यास बोलावले गेले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता. परंतु तो दाखवून हरकत घेणारा एकही भारतीय अधिकारी त्या वेळी आखाड्यापाशी हजर नव्हता, असे त्यांच्या चरित्रकथनात येते. थकलेले खाशाबा हरले आणि कांस्यपदक घेऊन परतले. स्वतंत्र भारतास मिळालेले ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. नियम त्यांच्या बाजूने होता. फेरारीच्या बाजूने १९९९ मध्ये होता तेवढाच, किंबहुना अधिक स्पष्ट. दोहोंत अंतर काय ते आखाड्यापाशी उभे असलेल्या माणसाचे.

उरला प्रश्न कोणाचे माप घ्यावयाचे हा. आपल्याकडील बैलांच्या शर्यतींविषयी सुशिक्षित समाजात फारसा आदर नाही, आणि त्यांतील क्रौर्याच्या प्रश्नावर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, २०१७ साली महाराष्ट्राने कायदा केला, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींस पुन्हा वाट मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो कायदा वैध ठरविला, हा इतिहास अद्याप ताजा आहे. त्या वादात आम्ही येथे शिरत नाही. पण त्या मैदानावरची एक रीत लक्षात घेण्याजोगी आहे. पश्चिम महाराष्ट्राकडे वयाच्या गटांनी शर्यती लावतात तेव्हा बैल ‘आदत’ आहे की ‘दुसा’, म्हणजे दुधाच्या दातांचा आहे की त्यास दोन कायमचे दात आले आहेत, हे त्याचे तोंड उघडून पाहतात. हे माप गाडी पळण्यापूर्वीचे. ते लपत नाही, आणि ज्याला दातांतले कळते अशा शेतकऱ्यांच्या डोळ्यांदेखत ते होते. त्यात लबाडी होत नाही असे कोण म्हणेल? परंतु ज्याचा बैल पाहिला नाही असा मालक त्या गटात नसतो.

याच्या उलट २०२३ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत ऑस्टिन येथे जे घडले ते पाहावे. १९९४ साली आयर्टन सेना व रोलंड रॅत्सेनबर्गर यांच्या मृत्यूनंतर गाड्यांचा वेग कमी व्हावा म्हणून गाडीच्या तळाशी फळी बसविण्याचा नियम आला. ही फळी १० मिलिमीटर जाडीची. शर्यतीत घासून ती १ मिलिमीटरपर्यंत झिजली तर चालते, अधिक नाही. त्याच वर्षी बेल्जियममध्ये शूमाकर या फळीवरून बाद झाला होता. ऑस्टिनला दुसरा आलेला लुइस हॅमिल्टन आणि सहावा आलेला शार्ल लक्लेर यांच्या फळ्या अधिक झिजलेल्या निघाल्या व दोघेही बाद झाले. येथपर्यंत सर्व यथान्याय. पण फळ्या तपासल्या होत्या फक्त चार गाड्यांच्या. चारांतल्या दोन सदोष निघाल्या. उरलेल्यांच्या फळ्या कोणी पाहिल्या नाहीत, आणि त्यांचे क्रमांक एक-दोन पायऱ्यांनी वर चढले. वेळ थोडा असतो, गाड्या खोलावयास माणसे लागतात, त्याच रात्री सर्व सामान पुढच्या गावी रवाना करावयाचे असते, ही कारभाऱ्यांची अडचण आम्ही समजू शकतो. आम्हीही शेकडो उत्तरपत्रिकांतून पुनर्तपासणीसाठी थोड्याच निवडतो. परंतु निवडलेल्या चारांत दोन चुकीच्या निघाल्यावर कोणताही जबाबदार परीक्षक उरलेला गठ्ठा सुतळीने बांधून कपाटात ठेवीत नाही.

आपल्या देशाच्या एका तरुणाने या काट्याचे दोन्ही पारडे एकाच वर्षात पाहिले. बंगळूरचा कुश मैनी २०२४ च्या आरंभी बहारीन येथे फॉर्म्युला २ च्या पहिल्याच पात्रता-फेरीत सर्वांत वेगवान ठरला आणि गाडी तांत्रिक नियमात न बसल्यामुळे बाद झाला. पहिली जागा त्याच्याच संघातील सोबत्याकडे गेली. पुढे जुलैमध्ये हंगेरीतील छोट्या शर्यतीत तो दुसरा आला. त्याच्यापुढे निशाण ओलांडणारा डच चालक रिचर्ड व्हर्शुर तपासणीत बाद ठरला, आणि त्या वर्गातील मैनीचा पहिला विजय रस्त्यावर नव्हे, संध्याकाळी निघालेल्या एका टंकलिखित कागदावर नोंदला गेला. बहारीनला गमावलेली जागा आणि हंगेरीत मिळालेली जागा या दोहोंच्या वेळी त्याने स्वतः गाडी मात्र सारख्याच मन लावून हाकली होती.